पत्त्याच्या शेवटचे दोन शब्द

जून उजाडला की छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या नेट कॅफेंबाहेर चपला मावेनाशा होतात. दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात, प्रवेशाच्या फेऱ्या तोंडावर असतात आणि कन्नड, सिल्लोड, पैठणहून पहाटेच्या एसटीनं आलेले आई-बाप मुलांना घेऊन नंबर लावून बसलेले असतात. मागे अशाच एका दुकानात झेरॉक्ससाठी थांबलो होतो. शेजारच्या खुर्चीवर सोयगावकडचे एक गृहस्थ होते. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात गुणपत्रक, टीसी, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर. पडद्यावर एका महाविद्यालयाचं पान उघडलेलं आणि खाली शुल्क भरण्याचं बटण. त्यांनी दुकानातल्या पोराला हळूच विचारलं, "बाळा, ही साइट खरी हाय ना?"

"काका, शेवटी एसी डॉट इन असलं की बिनघोर भरायचं," पोरगं म्हणालं आणि वर पत्त्याकडे बघून थबकलं. तिथं डॉट कॉम होतं. त्यानं महाविद्यालयाच्या कार्यालयात फोन लावला, खात्री केली आणि मगच पैसे भरले. महाविद्यालय खरं होतं, जुनं होतं, चांगलं होतं. सोयगावच्या त्या बापाच्या कपाळावर मात्र दहा मिनिटं घाम होता.

त्या पोराचा नियम चुकीचा नाही. तो अर्धा आहे, आणि हा लेख उरलेल्या अर्ध्या भागाविषयी आहे. राखीव पत्ता ज्याच्याकडे आहे तो बहुतेक वेळा खरा असतो. पण ज्याच्याकडे नाही तो खोटा, असं लोक मानू लागले की बाहेर राहिलेल्या प्रामाणिक संस्थेवर संशयाची सावली पडते. म्हणून हा पत्ता कुणाला द्यायचा, कोणत्या कसोटीवर द्यायचा आणि कुणाला का नाकारायचा, हा प्रश्न संगणकवाल्यांवर सोपवून मोकळं होण्याचा नाही. तो शिक्षणातल्या न्यायाचा प्रश्न आहे.

आधी दारांची ओळख करून घेऊ. डॉट कॉम, डॉट ओआरजी किंवा नुसतं डॉट इन कुणीही पैसे भरून घेऊ शकतो. 'एसी डॉट इन', 'ईडीयू डॉट इन' आणि 'आरईएस डॉट इन' ही तीन नावं मात्र फक्त शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी राखून ठेवली आहेत. त्यांची किल्ली अर्नेट इंडिया या सरकारी संस्थेकडे आहे. अर्नेटचा प्रकल्प १९८६ साली सुरू झाला, तेव्हा त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईची एनसीएसटी आणि केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग होता. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगममार्फत. म्हणजे या देशात इंटरनेट आधी विद्यापीठांचं होतं, बाजाराचं नंतर झालं. डॉट इनचं दारही २००५ मध्ये सगळ्यांसाठी उघडलं; त्याआधी देशभरात मिळून सुमारे ७,००० नावं होती. बाजार खुला झाल्यावर शिक्षणाचा कोपरा राखून ठेवला गेला, हे योग्यच झालं.

जगात या राखीव कोपऱ्याचा इतिहास बघण्यासारखा आहे. अमेरिकेत डॉट ईडीयू १९८५ साली सुरू झालं. पहिल्या काही नावांत कार्नेगी मेलन, बर्कली, पर्ड्यू, राइस ही विद्यापीठं होती. नावांचा कारभार बघणारे जॉन पोस्टेल यांनी मार्च १९९४ मध्ये या सगळ्या व्यवस्थेचं टिपण लिहिलं. त्यात त्यांनी साफ नोंदवलं आहे की डॉट ईडीयू मुळात सर्व शैक्षणिक संस्थांसाठी होतं. पण इतक्या नाना प्रकारच्या संस्था येऊ लागल्या की पुढं ते फक्त चार वर्षांच्या पदव्या देणारी महाविद्यालयं आणि विद्यापीठं यांच्यापुरतं ठेवायचं ठरलं. शाळा आणि दोन वर्षांची महाविद्यालयं यांनी आपापल्या देशाच्या नावाखाली जावं. दार अरुंद झालं ते गर्दीमुळे. लबाडांचा बंदोबस्त हे कारण नंतर आलं. आणि जागा कमी पडली तेव्हा पहिल्यांदा बाहेर गेली ती शाळा. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडेही असंच घडतं.

२००१ मध्ये डॉट ईडीयूचा कारभार एज्युकॉज या संस्थेकडे गेला. तेव्हापासून अमेरिकेत अधिस्वीकृती असलेल्या संस्थेलाच हे नाव मिळतं, पण आधी ज्यांनी घेतलं होतं त्यांचं राहू दिलं गेलं. म्हणून हैदराबादचं इंडियन स्कूल ऑफ बिझनेस, मणिपाल, पुण्याची विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी यांचे पत्ते आजही डॉट ईडीयूवर संपतात, आणि त्यांच्याइतकीच गुणवत्ता असलेली पण उशिरा जागी झालेली संस्था ते घेऊ शकत नाही. आधी आलेल्याचं काढून घेणं कठीण असतं, हे समजतं. पण तारखेला पात्रता म्हणणं मला पटत नाही.

आता आपल्या शहराकडे येऊ. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा पत्ता 'बामू डॉट एसी डॉट इन' आहे. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, राष्ट्रीय विधी विद्यापीठ, एमजीएम विद्यापीठ हीसुद्धा 'एसी डॉट इन'वर आहेत. देवगिरी महाविद्यालयाचा पत्ता मात्र वर्षानुवर्षं डॉट ओआरजीवर राहिला, आणि बीड बायपासच्या एमआयटीनं तर 'एमआयटी डॉट एशिया' हे नाव धारण केलं. देवगिरीतून मराठवाड्याच्या किती पिढ्या शिकून गेल्या हे इथं कुणाला सांगायला नको. पत्त्याच्या शेपटावरून या संस्थांची प्रतवारी लावायला गेलं तर ती साफ चुकेल.

याहून जास्त खटकतं ते वेगळंच. ज्या मंडळावर राज्यातल्या लाखो मुलांची दहावी-बारावी अवलंबून आहे, त्या राज्य मंडळाचं संकेतस्थळ वर्षानुवर्षं 'महाएचएसएससीबोर्ड डॉट इन' या नुसत्या डॉट इनवर चाललं. सीईटी सेलचं 'महासीईटी डॉट ओआरजी'वर. ही दोन्ही नावं उद्या कुणी एखादं अक्षर इकडचं तिकडं करून विकत घेऊ शकतो, कारण तो बाजार खुला आहे. एमकेसीएलच्या ज्या 'डिजिटल युनिव्हर्सिटी' प्रणालीत मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं अर्ज भरले, तिच्या पत्त्याच्या शेवटी 'डॉट एसी' होतं. पुढं 'इन' नव्हतं. हे 'एसी' ॲकॅडेमिकचं नाही. दक्षिण अटलांटिक महासागरातल्या असेन्शन या ब्रिटिश बेटाची ती देशखूण आहे. यात कुणी कुणाला फसवलं नाही, प्रणाली खरीच होती. पण गंगापूरच्या विद्यार्थ्यानं 'एसी' बघून विश्वास ठेवायचा की 'इन' नाही म्हणून संशय घ्यायचा? मोठ्यांनीच राखीव दार वापरलं नाही तर त्या दारावरून खरं-खोटं ओळखायची सवय लोकांना लागणार कशी?

बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेनं हे ओळखलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिनं 'बँक डॉट इन' हे राखीव नाव जाहीर केलं, नोंदणी हैदराबादच्या आयडीआरबीटीकडे सोपवली आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांनी तिथं यावं असं बंधन घातलं. राष्ट्रीयीकृत बँक असो की नागरी सहकारी, सगळ्यांना एकच रांग. बंधन सर्वांना सारखं असलं की बाहेर राहणं ही खूण खरोखर अर्थपूर्ण होते. शिक्षणाच्या क्षेत्रात दार राखीव आहे, पण आत जायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे.

पात्रतेची कसोटी काय असावी, हा खरा अवघड भाग. पत्ता हवा असेल तर संस्थाप्रमुखाच्या सहीचं पत्र आणि मान्यतेचा पुरावा द्यावा लागतो, हे रास्त आहे. अडचण 'मान्यता' या शब्दात आहे. महाराष्ट्रात मान्यता एका टेबलावरून मिळत नाही. झेडपीची शाळा शालेय शिक्षण विभागाची. विमुक्त-भटक्यांची आश्रमशाळा इतर मागास बहुजन कल्याण विभागाची, आदिवासी आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाची. कर्णबधिर मुलांची विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाची. अंगणवाडी महिला व बालविकासची. खासगी बालवाड्यांना तर अशी चौकटच वर्षानुवर्षं लागू नव्हती. आयटीआयचं खातं निराळं, परिचर्या महाविद्यालयाची परिषद निराळी.

एका विशेष शाळेचे मुख्याध्यापक माझ्या ओळखीचे आहेत. शाळेसाठी राखीव पत्ता मिळावा म्हणून त्यांनी खटपट केली होती. टेबलावर लेटरहेड, गोल शिक्का, जांभळ्या शाईचं पॅड आणि मान्यतेच्या आदेशाची मळकी झेरॉक्स. त्या झेरॉक्सवर शिक्षणाधिकाऱ्याची सही नव्हती, कारण त्यांच्या शाळेला ती लागतच नाही, समाजकल्याणची होती. कागद बघणाऱ्यानं विचारलं, "शिक्षण विभागाचं पत्र कुठंय?" सरांनी समजावून सांगितलं, पुन्हा सांगितलं आणि शेवटी गावातल्याच एका पोराकडून डॉट कॉम घेऊन टाकलं. त्या शाळेत ओठांच्या हालचालींवरून शब्द वाचायला शिकवतात. तिथं शिक्षण होत नाही असं कोण म्हणेल?

म्हणून मला वाटतं, पत्ता देणाऱ्यानं संस्था म्हणजे काय हे नव्यानं ठरवत बसू नये. ती नोंद देशाकडं आधीच आहे. प्रत्येक शाळेला अकरा आकडी यू-डायस क्रमांक असतो. आपल्या जिल्ह्यातल्या शाळांचा क्रमांक २७१९ नं सुरू होतो. २७ राज्याचे, १९ जिल्ह्याचे. या नोंदीत झेडपीच्या शाळा आहेत, आश्रमशाळा आहेत, मदरसेही आहेत. कोणत्या खात्यानं मान्यता दिली यावर ती अडून बसत नाही. महाविद्यालयांसाठी केंद्राचं उच्च शिक्षण सर्वेक्षण, म्हणजे ऐशी, २०१०-११ पासून चालू आहे आणि त्याचेही क्रमांक आहेत. क्रमांक आहे तिथं नाव का नाही? ब्रिटनमध्ये शाळांसाठी 'एससीएच डॉट यूके' आहे आणि तिथं शाळेला तिचं नाव नेमून दिलं जातं, शाळेनं दारोदार फिरायचं नसतं. जपाननं उच्च शिक्षणाला 'एसी' आणि अठरा वर्षांखालच्या मुलांच्या शाळांना 'ईडी' अशी दोन वेगळी घरं बांधून दिली. कुणी कुणाची जागा अडवत नाही.

कोचिंग क्लासचं काय, हा प्रश्न हमखास येतो. या शहरात त्यांची फ्लेक्सं चौकाचौकांत आहेत आणि शिकवण्याचा भाग त्यांच्याकडं खरा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. उलट 'इंटिग्रेटेड'च्या नावाखाली चालणाऱ्या व्यवहारात कनिष्ठ महाविद्यालय फक्त पटावर असतं आणि मुलं दिवसभर क्लासमध्ये असतात. हे रोखायला राज्य सरकारनं २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता. अशा ठिकाणी कागदावरच्या संस्थेला राखीव नाव मिळू शकतं आणि शिकवणाऱ्याला नाही, हे विचित्र आहे. तरीही क्लासला हे नाव देऊ नये, असंच माझं मत आहे. शाळेचा पट, शुल्क, शिक्षकांची पात्रता यांचा कुठंतरी सार्वजनिक हिशेब द्यावा लागतो; क्लासला तसा द्यावा लागत नाही. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारनं क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, नोंदणी आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नको असं त्यात आहे, पण सूचना म्हणजे मान्यता नव्हे. कागदी महाविद्यालयाचा उपाय त्याची मान्यता काढणं हा आहे, आणि मान्यता गेली की पत्ताही त्याच आठवड्यात जायला हवा.

हे शेवटचं बोलायला सोपं आणि करायला अवघड आहे. विद्यापीठ अनुदान आयोग बोगस विद्यापीठांची यादी दरवर्षी जाहीर करतो; महाराष्ट्रातलं नागपूरचं राजा अरेबिक युनिव्हर्सिटी हे नाव तिच्यात वर्षानुवर्षं आहे. १९५६ च्या आयोगाच्या कायद्यात कलम २३ नं 'विद्यापीठ' हा शब्दच राखीव केला आहे. म्हणजे शब्द राखून ठेवण्याची कल्पना इंटरनेटनं आणलेली नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आयोगानं १२३ अभिमत संस्थांना 'विद्यापीठ' हा शब्द नावातून काढायला सांगितलं, तेव्हा नामांकित संस्थाही त्यातून सुटल्या नाहीत. शब्द मोठ्यांकडूनही परत घेता येतो, हे तेव्हा दिसलं.

संशोधनाच्या दाराबद्दल थोडं. मराठीत इतिहास संशोधन विद्यापीठांच्या आधी विद्यापीठांबाहेर झालं. राजवाडे कुठल्या विद्यापीठाच्या खुर्चीवर बसले नव्हते. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली पुण्यात उभं राहिलं ते लोकांच्या वर्गणीवर. आपल्याकडं स्वामी रामानंद तीर्थ संशोधन संस्था आहे. बलवंत वाचनालयासारखी जुनी ग्रंथालयं आहेत, जिथं बसून कित्येकांनी पीएचडीची टिपणं काढली. अशा संस्था पदवी देत नाहीत म्हणून त्यांना संशोधनाच्या दारातून परत पाठवू नये. इथं यादीवर निभावणार नाही, काम बघावं लागेल: काय छापलं, कोणती कागदपत्रं जपली, अभ्यासकांना ती बघू देता का. ज्याला नकार द्यायचा त्याला लेखी कारण द्यावं आणि वर दाद मागायला जागा असावी. एवढं तर रेशनकार्डाच्या बाबतीतही आपण मागतो.

आणि नाव. या शहराला नावाची किंमत सांगायची गरज नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला आणि १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव लागलं; मधली सोळा वर्षं कशी गेली हे इथल्या वस्त्यांना ठाऊक आहे. त्या नावाचा इंटरनेटवर चार अक्षरांचा संक्षेप झाला. ही कुणाची खोडी नाही, लांब पत्ते लोक चुकीचे टाइप करतात हे खरं आहे. पण जे नाव मिळवायला एवढं सोसलं, ते पूर्ण लिहिता येईल अशी सोयही असायला हवी. तशी सोय अर्नेटकडंच आहे: 'विद्या डॉट भारत' आणि 'शोध डॉट भारत' ही देवनागरीतली राखीव नावं. डॉट भारत २०१४ मध्ये देवनागरीत सुरू झालं, त्यात मराठी आहे. आपल्या किती मराठी शाळांनी ते घेतलं? शाळेच्या दारावरची पाटी मराठी आणि पत्ता इंग्रजी, याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की ते खटकतच नाही.

शहराचं नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं. शासकीय अभियांत्रिकीच्या पत्त्यातलं 'ए' अजून औरंगाबादचं आहे, विधी विद्यापीठाचंही. हजारो शोधनिबंधांवर, पदव्यांच्या पडताळणीवर, माजी विद्यार्थ्यांच्या ईमेलवर ती अक्षरं छापली गेली आहेत. ती घाईनं पुसली तर जुने दुवे तुटतील. संस्थेचं नाव बदललं तरी जुना पत्ता तिच्याच नावावर चालू राहावा, नवा सोबत मिळावा आणि सोडलेलं नाव दुसऱ्या कुणाला कधीच मिळू नये. शेवटची अट फार महत्त्वाची आहे. एखादं महाविद्यालय मुदत संपल्यावर खुल्या बाजारातलं नाव नूतनीकरण करायला विसरतं आणि त्याच पत्त्यावर रमीच्या जाहिराती झळकू लागतात, असं घडतं. मग जुन्या प्रॉस्पेक्टसवरून पत्ता टाइप करणारी मुलगी जुगाराच्या पानावर पोचते.

एकसारख्या नावांचा तिढाही सुटलेला नाही. शिवाजी विद्यालय, जिजामाता कन्या प्रशाला, सरस्वती भुवन. एका नावाच्या शाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. आधी येईल त्याला नाव, या नियमात शहरातली शाळा जिंकते, कारण तिच्याकडं संगणकाचा मास्तर आहे. गावच्या शाळेला हे कळतं तेव्हा नाव गेलेलं असतं. नावात गाव घातलं की भांडण मिटतं: शिवाजी विद्यालय, फुलंब्री. आपण बोलताना तसंच तर म्हणतो.

माझी मागणी साधी आहे. यू-डायस किंवा ऐशीचा क्रमांक असलेल्या प्रत्येक संस्थेला, कोणत्याही खात्याची असो, न मागता राखीव नाव मिळावं, मराठीतही आणि इंग्रजीतही, आणि झेडपीच्या शाळेला ते फुकट मिळावं. राज्य मंडळ आणि सीईटी सेल यांनी सगळ्यात आधी आत यावं. तोवर प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना एक विनंती: तुमचं महाविद्यालय पात्र असूनही डॉट कॉमवर बसलं असेल, तर पुढच्या प्रवेशाच्या आधी अर्ज करा, आणि प्रॉस्पेक्टसच्या पहिल्या पानावर खरा पत्ता ठळक अक्षरांत छापा. सोयगावहून येणारा बाप पहाटेच घर सोडतो. दुपारच्या परतीच्या गाडीआधी त्याला शुल्क भरून मोकळं व्हायचं असतं.